घराला चाके, जमीन मात्र दुसऱ्याची

अमेरिकेतील शहरांलगतच्या आरव्ही पार्कमध्ये हिवाळा काढणारे निवृत्त आणि नाइलाजाने बारा महिने राहणारे कष्टकरी आता एकाच जागेसाठी रांगेत उभे आहेत. पार्क निवडताना बहुतेकांचे लक्ष सोयींकडे असते. पुढे अडचण येते ती कराराच्या कलमांतून.

ऑक्टोबर सरत आला की उत्तर अमेरिकेच्या महामार्गांवर दक्षिणेकडे निघालेल्या एका विशिष्ट वाहनाची वर्दळ वाढू लागते. स्वयंपाकघर, शय्या, स्नानगृह आणि शौचालय यांसह धावणाऱ्या या घराला तेथे 'रिक्रिएशनल व्हेइकल' किंवा थोडक्यात आरव्ही म्हणतात. काही आरव्ही स्वतःच्या इंजिनावर चालतात, तर काही मोठ्या पिकअप ट्रकच्या मागे ओढल्या जातात. मिनेसोटा किंवा कॅनडातील सास्काचेवानमध्ये पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, त्याच दिवसांत ॲरिझोनातील फिनिक्समध्ये दुपारचे तापमान वीस अंशांच्या आसपास असते. हा फरक गाठण्यासाठी निघालेल्या ज्येष्ठांना अमेरिकेत 'स्नोबर्ड' असे नाव पडले आहे. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसारखे हे प्रवासीही हंगाम संपताच परत फिरतात.

परंतु गेल्या काही वर्षांत या चित्रात एक मोठा बदल झाला आहे. शहरालगतच्या आरव्ही पार्कमध्ये आता केवळ हिवाळी पाहुणे राहत नाहीत. तेरा-तेरा आठवड्यांच्या करारावर गावोगाव जाणाऱ्या परिचारिका, बांधकाम मजूर, घरभाडे न परवडणारी कुटुंबे आणि सामाजिक सुरक्षेच्या निवृत्तिवेतनावर गुजराण करणारी एकटी माणसेही तेथे बारा महिने मुक्काम करून असतात. एकाला सुट्टी हवी आहे आणि दुसऱ्याला छप्पर. दोघांची गरज वेगळी असली तरी दोघेही एकाच प्रकारच्या जागेचे भाडेकरू आहेत, आणि दोघांच्याही बाबतीत घर स्वतःचे व जमीन दुसऱ्याची आहे. आरव्ही पार्कची निवड हा विषय त्यामुळे पर्यटनाच्या पुरवणीतून उठून नागरी गृहनिर्माणाच्या प्रश्नात येऊन बसला आहे.

मागणीचा भर

या व्यवसायाचा आवाका लक्षात घेतला तर प्रश्नाचे गांभीर्य कळते. आरव्ही उद्योगाच्या संघटनेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेतील सुमारे १ कोटी १२ लाख कुटुंबांकडे आरव्ही होती. करोनाच्या साथीत हॉटेले व विमाने टाळणाऱ्यांनी या वाहनांवर उडी घेतली आणि २०२१ या एका वर्षात कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक आरव्ही बाहेर पडल्या. हा उद्योगाच्या इतिहासातील उच्चांक होता. पुढे व्याजदर वाढले, उत्साह ओसरला आणि २०२३ मध्ये हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. कारखाने आपले उत्पादन दोन वर्षांत निम्मे करू शकतात. विकली गेलेली वाहने मात्र नाहीशी होत नाहीत. त्यांना उभे राहायला जागा लागतेच, आणि शहरालगत नवी पार्क उभी राहण्याचा वेग तितका नाही. जमीन महाग असते, नगरनियोजनाच्या परवानग्या मिळवाव्या लागतात आणि शेजारच्या वसाहतींचा विरोध ठरलेला असतो.

हिवाळी मुक्कामाचे तीन मोठे पट्टे आहेत. पहिला ॲरिझोनाचा. तेथे फिनिक्सच्या पूर्वेस असलेल्या मेसा आणि अपाचे जंक्शन या भागांत हजाराहून अधिक जागा असलेली पार्क आहेत. दुसरा टेक्सासच्या दक्षिण टोकाचा, रिओ ग्रँड नदीच्या खोऱ्यातला. मॅकॲलन, मिशन, हार्लिंजन या गावांत उतरणाऱ्या या पाहुण्यांना स्थानिक लोक 'विंटर टेक्सन' म्हणतात. तिसरा पट्टा फ्लोरिडाचा, जेथे समुद्र हे आकर्षणही आहे आणि संकटही.

शहराबाहेर स्वस्त पर्याय नाहीत असे नव्हे. फिनिक्सच्या पश्चिमेस सुमारे दोनशे किलोमीटरवरील क्वार्टझसाइट या छोट्या गावाभोवती केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन विभागाची विस्तीर्ण जमीन आहे. तेथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन दीर्घ मुक्काम करता येतो. परवान्याचे शुल्क खासगी पार्कच्या भाड्याच्या तुलनेत बरेच कमी असते. परंतु तेथे प्रत्येक जागेला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळत नाही. सौरपट्ट्या, जनित्र आणि पाण्याच्या टाक्या यांवर संसार चालवावा लागतो. पंचावन्नाव्या वर्षी हे साहस वाटते. पंचाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराचा तज्ज्ञ दोनशे किलोमीटरवर असताना, त्याचे स्वरूप बदलते. रुग्णालय, विमानतळ, कामाचे ठिकाण, मुलाचे किंवा मुलीचे घर यांच्या जवळ राहता यावे म्हणून लोक शहराकडे येतात आणि त्या जवळिकीचे दाम मोजतात.

दिवसाचे भाडे, महिन्याचे भाडे

हे दाम ठरवण्याची पद्धत नवख्या माणसाला गोंधळात टाकणारी असते. बहुतेक पार्क दिवस, आठवडा, महिना, हंगाम आणि वर्ष असे निरनिराळे दर लावतात. दिवसाच्या दराच्या मानाने महिन्याचा दर बराच कमी वाटतो. पण दिवसाच्या दरात वीज धरलेली असते आणि महिन्याच्या दरात ती सहसा नसते. प्रत्येक जागेवर स्वतंत्र मीटर असतो आणि त्याचे बिल निराळे येते. आरव्हीच्या भिंती पातळ असतात. कडाक्याच्या थंडीत विजेचे हीटर किंवा उन्हाळ्यात छतावरची वातानुकूलन यंत्रे अखंड चालली की हे बिल भाड्याच्या अंदाजपत्रकाला खिंडार पाडते. त्यावर अनामत रक्कम, पाळीव प्राण्यासाठी आणि दुसऱ्या गाडीसाठी आकार, काही ठिकाणी सक्तीचे इंटरनेट. त्यामुळे दोन पार्कची तुलना करताना जाहिरातीतील आकडा पुरेसा नसतो. मागील हिवाळ्यातील आणि मागील जुलै महिन्यातील वीजबिल किती आले होते, हा प्रश्न कार्यालयातही विचारावा आणि त्याहून आधी शेजारच्या रहिवाशाला विचारावा.

विजेच्या जोडणीचाही विचार आवश्यक ठरतो. आरव्ही पार्कमधील खांबावर साधारणतः ३० अँपिअर आणि ५० अँपिअर अशा दोन प्रकारच्या जोडण्या असतात. नावावरून हा फरक दुपटीहून कमी भासतो. प्रत्यक्षात ३० अँपिअरच्या जोडणीतून ३,६०० वॉट मिळतात, तर ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या असल्याने १२,००० वॉट मिळतात. पहिल्या जोडणीवर एक वातानुकूलन यंत्र आणि किरकोळ उपकरणे चालतात. दोन यंत्रे लावायची तर दुसरी हवीच. दोन रात्रींच्या मुक्कामात हा फरक जाणवत नाही. फिनिक्सच्या जुलैत मात्र तो प्रकृतीचा प्रश्न होतो.

अकरा महिन्यांची आठवण

या सर्व गोष्टी महत्त्वाच्या असल्या तरी त्या दुय्यम आहेत. पार्कच्या निवडीचा खरा निकष कायद्याच्या क्षेत्रात येतो. महाराष्ट्रातील शहरी वाचकाला 'लिव्ह अँड लायसन्स' हा शब्दप्रयोग आणि अकरा महिन्यांचा करार नवा नाही. घरमालकाला भाडेकरूचा हक्क निर्माण होऊ द्यायचा नसतो आणि राहणाऱ्याला दरवर्षी नव्याने घासाघीस करावी लागते. आरव्ही पार्कच्या जगात याच वृत्तीची अमेरिकी आवृत्ती आढळते, आणि तिची मुदत महिन्यांऐवजी अनेकदा दिवसांत मोजली जाते.

कॅलिफोर्नियाचा कायदा याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे आरव्ही पार्कमध्ये राहणाऱ्यांचे मुक्कामाच्या कालावधीनुसार वर्ग पाडलेले आहेत. तीस दिवसांपर्यंत राहणारा हा पाहुणा समजला जातो, आणि नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ त्याच पार्कमध्ये राहिलेल्या भाडेकरूला 'रहिवासी' हा दर्जा मिळतो. दर्जा जितका वरचा, तितके त्याला बाहेर काढणे अवघड. साहजिकच काही पार्क चालकांनी यातून वाट काढली. तिसाव्या दिवसाच्या आत माणसाला नोंदवहीतून कमी करायचे, एक-दोन दिवस बाहेर पाठवायचे किंवा दुसऱ्या जागेवर हलवायचे आणि पुन्हा नवा पाहुणा म्हणून दाखल करून घ्यायचे. या प्रकाराला तेथे 'अठ्ठावीस दिवसांची फिरवाफिरव' असेच नाव पडले. वर्षानुवर्षे त्याच पार्कमध्ये राहणारी, तेथूनच कामावर जाणारी माणसे कागदोपत्री कायमची प्रवासी राहिली. अखेरीस २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने भाडेकरूचे हक्क टाळण्यासाठी अशी सक्ती करण्याला मनाई करणारा कायदा केला.

ॲरिझोनात सीमारेषा वेगळी आहे. तेथे आरव्हीच्या दीर्घकालीन जागाभाड्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. मात्र तो सलग १८० दिवसांहून अधिक मुक्कामाच्या करारांना लागू होतो. नोव्हेंबर ते मार्च असा पाच महिन्यांचा हिवाळा काढणारा पाहुणा त्याच्या संरक्षणाबाहेर राहतो. हंगामी पाहुण्याला त्याची फारशी झळ बसत नाही, कारण एप्रिलमध्ये परतण्यासाठी त्याचे पक्के घर उभे असते. बारमाही रहिवाशाला मात्र पाच महिन्यांचे दोन करार आणि एक वर्षाचा एक करार यांतील अंतर ठाऊक असलेच पाहिजे. एकाच राज्यात, एकाच पार्कमध्ये, शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन आरव्हींना कायद्याचे निरनिराळे छत्र असू शकते.

चाके असूनही अचल

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. घराला चाके आहेत, मालक नडला तर दुसरीकडे जावे. हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे. व्यवहारात तो फसतो. अनेक चांगल्या पार्कमध्ये दहा वर्षांहून जुनी आरव्ही आत घेतली जात नाही. काही ठिकाणी छायाचित्रे पाहून अपवाद करतात, पण तो मालकाच्या मर्जीचा भाग असतो. आरव्ही नवी असताना पार्कमध्ये आलेला माणूस तेथेच बारा वर्षे राहिला, तर त्याच्या घराचे वय वाढून बाहेरचे दरवाजे आपोआप बंद होत जातात. शिवाय आरव्हीची किंमत जमिनीवरच्या घरासारखी चढत नाही, दरवर्षी उतरते. 'पार्क मॉडेल' नावाच्या, साधारण चारशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना चाके असली तरी ती हलवायला व्यावसायिक वाहतूकदार लागतो. त्यांना जोडलेली ओसरी, पायऱ्या, सावलीचे छत हे सारे मागे सोडावे लागते.

या असहायतेचे दर्शन फिनिक्समध्ये २०२३ साली घडले. त्या वर्षी शहरातील पेरिविंकल, वेल्डन कोर्ट आणि लास कासितास या तीन जुन्या मोबाइल होम वसाहती पुनर्विकासासाठी रिकाम्या करण्यात आल्या. यांपैकी पेरिविंकलची जमीन शेजारच्या ग्रँड कॅनियन विद्यापीठाने २०१६ मध्येच विकत घेतली होती. मोबाइल होम आणि आरव्ही यांचे कायदे वेगळे असले तरी व्यथा समान होती. घर आपले, त्यावरचे कर्जही फिटलेले, पण जुने झालेले घर हलवता येत नाही आणि हलवले तरी ठेवायला जागा नाही. रहिवाशांनी महापालिकेत धाव घेतली, आंदोलने केली. वसाहती बंद व्हायच्या त्या झाल्याच.

फ्लोरिडातील उदाहरण याहून निराळे आहे. फोर्ट मायर्स बीच या किनारी गावात अगदी समुद्रालगत 'रेड कोकोनट' नावाचे जुने आरव्ही पार्क होते. २८ सप्टेंबर २०२२ रोजी 'इयान' चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले आणि ते पार्क उद्ध्वस्त झाले. पुढील वर्षी ती जमीन विकासकाच्या हाती गेली. वादळाने घरे नेली आणि बाजाराने जागा नेली. असेच पार्क त्याच ठिकाणी पुन्हा उभे करण्यापेक्षा तेथे महागडी निवासी इमारत बांधणे जमीनमालकाला अधिक फायद्याचे असते. समुद्रकिनारी, नदीकाठी किंवा वाढत्या शहराच्या वेशीवर असलेल्या प्रत्येक पार्कच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहे.

याउलट उदाहरणही आहे, आणि तेही अमेरिकेतील सर्वांत महाग जमिनींपैकी एकावर. सिलिकॉन व्हॅलीतील पालो आल्टो शहरात ब्वेना व्हिस्टा ही सुमारे चारशे रहिवाशांची मोबाइल होम वसाहत मालक बंद करू पाहत होता. अनेक वर्षांच्या संघर्षानंतर २०१७ मध्ये सांता क्लारा जिल्ह्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने ती जमीन विकत घेतली आणि बहुतांशी लॅटिनो वंशाची ती श्रमिक कुटुंबे तेथेच राहिली. जमीन सार्वजनिक संस्थेच्या किंवा रहिवाशांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची असेल तर भाडेवाढीचा आणि हकालपट्टीचा धोका किती कमी होतो, याचा हा पाठ आहे. अशी पार्क थोडी आहेत. पण शोधणाऱ्याने 'मालक कोण?' हा प्रश्न पहिल्या पाचांत ठेवला पाहिजे.

मालकीचे स्वरूपही बदलत आहे. पूर्वी पार्कच्या मालकाचे कुटुंब बहुधा पार्कमध्येच राहत असे. आता शिकागोची इक्विटी लाइफस्टाइल प्रॉपर्टीज आणि मिशिगनची सन कम्युनिटीज यांसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांकडे शेकडो पार्क आहेत. अशा कंपन्यांकडे देखभाल नीट असते, नियम लेखी असतात, तक्रारीला उत्तर मिळते. दुसरीकडे दरवर्षीची भाडेवाढ गुंतवणूकदारांच्या अपेक्षेनुसार ठरते. छोट्या मालकाकडे आपुलकी असते, पण त्याने उद्या जमीन विकली तर आपुलकीचा करार नव्या मालकावर बंधनकारक नसतो. दोहोंपैकी कोणताही पर्याय निवडला तरी गेल्या पाच वर्षांत भाडे कितीने वाढले हे लेखी मागणे शहाणपणाचे ठरते.

ऊन, बर्फ आणि पूर

हवामानाचा विचार हिवाळ्यापुरता करण्याची चूक बारमाही मुक्कामात महागात पडते. फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसहून अधिक राहिले. त्या वर्षी मॅरिकोपा जिल्ह्यात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. मृतांमध्ये रस्त्यावरील बेघर मोठ्या संख्येने होते. परंतु घरात मरण पावलेल्यांमध्ये मोबाइल होमसारख्या पातळ भिंतींच्या घरांतील रहिवाशांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. सौंदर्याच्या नावाखाली खिडकीतील वातानुकूलन यंत्राला मनाई करणाऱ्या वसाहती तेथे होत्या. २०२४ मध्ये ॲरिझोनाने मोबाइल होम वसाहतींतील अशा मनाईला कायद्याने आळा घातला. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात पार्क पसंत करणाऱ्याने त्याच जागेवर पश्चिमेचे ऊन किती वाजेपर्यंत येते, झाड आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे.

थंडीचा धोका केवळ उत्तरेत असतो हा समजही फेब्रुवारी २०२१ मध्ये गळून पडला. टेक्सासमध्ये हिमवादळाने वीजव्यवस्था कोलमडली, जलवाहिन्या फुटल्या आणि राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ जणांचा मृत्यू झाला. आरव्हीच्या पोटाखालून जाणाऱ्या नळ्या शून्य अंशाखाली सर्वप्रथम गोठतात. डेन्व्हरसारख्या थंड शहरात हिवाळा काढायचा तर वाहनाच्या खालच्या मोकळ्या भागाला चहूबाजूंनी आच्छादन, विजेवर गरम राहणारी पाण्याची नळी आणि गॅसच्या टाक्या वेळेवर भरून देणारी सेवा लागते. पार्क हिवाळ्यातही नळ चालू ठेवते काय, आच्छादन घालायला परवानगी देते काय, हे आधी विचारावे. काही पार्क बारमाही असल्याचे सांगतात आणि पहिल्या गोठणीला पाणी बंद करतात.

पुराचा इशारा सर्वांत ताजा आहे. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सासमधील ग्वादालूपे नदीला आलेल्या महापुरात एकट्या केर जिल्ह्यात शंभराहून अधिक बळी गेले. कर्व्हिल परिसरातील नदीकाठची आरव्ही पार्कही या लोंढ्यात सापडली. नदीकाठची जागा ही एरवी पार्कमधील सर्वांत महाग जागा असते, हा यातील दुर्दैवी विरोधाभास. केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे पूररेषेचे नकाशे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. रात्री दोन वाजता भोंगा वाजवणारी यंत्रणा पार्कमध्ये आहे का आणि उंचावर जाणारा रस्ता कोणता, हे विचारायला संकोच वाटू नये.

पत्ता, विमा आणि सीमा

दीर्घ मुक्कामात वैद्यकीय विमा हा आणखी एक दुर्लक्षित मुद्दा. अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांना सरकारी मेडिकेअर योजना मिळते. तिचे मूळ स्वरूप देशभर चालते. परंतु खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या 'ॲडव्हांटेज' योजना बहुधा ठरावीक प्रदेशातील डॉक्टरांपुरत्या मर्यादित असतात. मिशिगनमध्ये घेतलेली योजना मेसामधील नियमित तपासणीला लागू पडेलच असे नाही. अशा वेळी पार्कपासून रुग्णालय चार किलोमीटरवर असूनही ते खर्चाच्या दृष्टीने दूरच राहते.

पक्के घर विकून पूर्णवेळ आरव्हीत राहणाऱ्यांपुढे तर 'आपण कुठले?' असा प्रश्न उभा राहतो. वाहन परवाना, मतदान, कर आणि विमा या सर्वांना एक कायदेशीर पत्ता लागतो. त्यासाठी वैयक्तिक प्राप्तिकर नसलेली टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डाकोटा ही राज्ये लोकप्रिय आहेत. टेक्सासमधील लिव्हिंगस्टन या गावी १९७८ मध्ये स्थापन झालेल्या 'एस्केपीज' या आरव्हीधारकांच्या संघटनेचे मुख्यालय आहे. सभासदांची टपाल व्यवस्था ती पाहतेच. शिवाय वृद्धापकाळाने वाहन चालवणे अशक्य झालेल्यांसाठी तेथे आपल्या आरव्हीतच राहून दिवसाची शुश्रूषा मिळवण्याची सोय आहे. चाके कधीतरी थांबणार, हे ओळखून केलेली ही दुर्मीळ तजवीज होय.

कॅनडाच्या नागरिकांना याहून बारीक हिशेब ठेवावा लागतो. ओंटारिओ प्रांताची आरोग्य योजना चालू राहण्यासाठी बारा महिन्यांत २१२ दिवसांहून अधिक काळ प्रांताबाहेर राहून चालत नाही. अमेरिकी करखाते चालू वर्षासह मागील दोन वर्षांचे दिवसही अंशतः मोजते, त्यामुळे दरवर्षी चार महिन्यांहून जास्त मुक्काम करणाऱ्याला आपले खरे घर कॅनडातच असल्याचे निवेदन द्यावे लागते. ११ एप्रिल २०२५ पासून तीस दिवस किंवा अधिक राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या नोंदणीची अंमलबजावणीही सुरू झाली. त्याच वर्षी आयातशुल्काच्या वादाने आणि कॅनडाला ५१ वे राज्य करण्याच्या वक्तव्यांनी दोन्ही देशांतील संबंध कडवट झाले आणि कॅनडातून अमेरिकेला जाणाऱ्यांची संख्या लक्षणीय घटली. काहींनी ॲरिझोना व फ्लोरिडातील आपली हंगामी घरे विक्रीला काढली.

हिवाळी पाहुणा रोडावला तर बारमाही रहिवाशाचे भाडे कमी होईल काय? तर्काने तसे वाटते. पण पार्कचा जमाखर्च हंगामी दरांवर उभा असतो. तो कोलमडला की मालकापुढे दोन मार्ग राहतात. स्थानिक भाडेकरूंना वर्षाचा करार देऊन जागा भरणे, किंवा जमीन विकून मोकळे होणे. पाहुण्यांची घट कोणासाठी संधी ठरेल आणि कोणासाठी नोटीस, हे प्रत्येक शहरातील जमिनीचा भाव ठरवील.

पार्कबाहेरचा पर्यायही आक्रसतो आहे. सिलिकॉन व्हॅलीतील माउंटन व्ह्यू शहरात नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी अरुंद रस्त्यांवर आरव्ही उभी करण्यास बंदी घालणारा प्रस्ताव संमत केला. जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड करण्याचा शहरांचा अधिकार सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केला. रस्ता बंद होत असताना पार्कमधील कराराचे मोल आणखी वाढते. पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी राखीव पार्कमुळेही निवड मर्यादित होते. १९९५ च्या कायद्यानुसार किमान ८० टक्के घरांत पंचावन्न वर्षांवरील एक तरी व्यक्ती राहत असेल तर अशा वसाहतीला मुलांच्या कुटुंबांना नकार देता येतो. शांतता हवी असलेल्या निवृत्तांना ती सोय आहे. तेच फाटक शाळकरी मुलांच्या कष्टकरी आईसमोर बंद होते.

आपल्यासाठी धडा

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आणि कॅराव्हॅन पार्कची कल्पना आपल्याकडेही आली. सध्या तिचा संबंध सहलीशी आहे. तरीही वीज, पाणी आणि सांडपाणी यांच्या मानकांबरोबर दीर्घ मुक्काम करणाऱ्याचा दर्जा काय, हे आरंभीच स्पष्ट केले तर पुढचे वाद टळतील. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची पहिली पिढीही आता निवृत्तीच्या वयात आहे. मोठे घर विकून उबदार प्रदेशात छोट्या घरात हिवाळा काढण्याचा विचार त्यांच्यापैकी कोणी करीत असेल, तर त्यांनाही हीच चाचणी लावावी लागेल.

ती चाचणी फार गुंतागुंतीची नाही. पूर्ण हंगामाचे पैसे भरण्यापूर्वी एक आठवडा राहून पाहावे, आणि शक्य असल्यास विरुद्ध ऋतूत पुन्हा जावे. जमिनीचा मालक कोण, ती विक्रीला किंवा पुनर्विकासाला लागली आहे का, हे जिल्ह्याच्या नोंदींत आणि नियोजन समितीच्या कामकाजात तपासावे. करार किती दिवसांचा, त्या मुदतीला राज्याचा कोणता कायदा लागू होतो, नोटीस किती दिवसांची, भाडेवाढीला मर्यादा आहे का, आरव्हीच्या वयाची अट आधीपासून राहणाऱ्यांनाही लागते का आणि ती विकल्यास नव्या मालकाला जागा मिळते का, याची उत्तरे लेखी घ्यावीत. तोंडी आश्वासने व्यवस्थापक बदलला की संपतात. हंगामी पाहुण्याने निदान परतीची वाट आणि विमा सांभाळावा. बारमाही रहिवाशाने वर्षाच्या कराराचा आग्रह धरावा, मग तलाव लहान असला तरी चालेल.

आरव्हीचे आकर्षण स्वातंत्र्यात आहे, आणि ते खोटे नाही. पण ते स्वातंत्र्य इंजिन चालू असेपर्यंतचे आहे. वाहन थांबले, वीज आणि पाण्याची नळी जोडली की माणूस पुन्हा कोणाचा तरी भाडेकरू होतो, आणि त्या क्षणापासून त्याचे संरक्षण चाकांवर नव्हे, कागदावर अवलंबून असते.